देव मानत नाही, हे माळकरी घरात सांगताना

वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ, दारात वृंदावन आणि दरवर्षी माउलींच्या पालखीतली एक दिंडी जेवायला, अशा घरात मी वाढले. मी नास्तिक आहे हे या घराला मी २०२३ च्या दिवाळीनंतर सांगितलं आणि २०२४ च्या मार्चमध्ये विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की एकीबद्दल लिहिताना दुसरी टाळता येत नाही. सांगण्याआधीच्या महिन्यांत मी मराठीत असा कुणाचा अनुभव सापडतो का ते शोधत होते. देव आहे की नाही यावर वाचायला पुष्कळ मिळालं. आईसमोर बसून पहिलं वाक्य काय बोलायचं, यावर काही मिळालं नाही. ज्यांना ते वाक्य अजून बोलायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं गाव फलटण तालुक्यात, तरडगावच्या बाजूला. लोणंदचा मुक्काम उरकून पालखी आमच्याकडे येते तेव्हा वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं, आणि तो दिवस आमच्या घरात दिवाळीपेक्षा मोठा असतो. आण्णा, म्हणजे वडील, साखर कारखान्यात ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे स्लिपबॉय होते, आता निवृत्त आहेत आणि थोडी शेती करतात. माझ्या लहानपणीच त्यांनी माळ घातली आणि घरातलं मटण बंद झालं. आई मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्रातले घट, चतुर्थी, एकादशी सगळं करते. शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव हे आमचं कुलदैवत. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. हे शेवटचं पुढे महत्त्वाचं ठरलं.

माझी श्रद्धा कुठल्या एका प्रसंगाने गेली नाही. कुणी वारलं म्हणून नाही, नवस फळला नाही म्हणूनही नाही. कॉलेजात असताना हात जोडले की समोर कुणी आहे असं वाटेनासं झालं, आणि पंचविशीपर्यंत ते पक्कं झालं. हे मुद्दाम लिहिते, कारण घरचे पहिल्यांदा हेच विचारतात: काय वाईट झालं तुझं? देवावर रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते, हे त्यांना माहीत असतं. मी रुसलेली नव्हते, हे समजायला त्यांना बराच वेळ लागला.

नोकरी पुण्यात, औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात. आठवड्यातून तीनदा घरी फोन. "आज चतुर्थी हाय, उपास केलास का?" "हो." अशी बरीच वर्षं गेली. बाहेरच्या कुणाला ही फार किरकोळ गोष्ट वाटेल. पण आईशी बोलताना प्रत्येक वेळी एक खोली बंद ठेवून बोलायचं, याने माणूस हळूहळू घरात पाहुणा होतो. मला ते नको होतं.

२०२३ च्या जूनमध्ये पालखी जेवून पुढे गेली, भांडी घासून झाली आणि आईने लग्नाचा विषय काढला. मला जोडीदार होता, घरच्यांना तो मित्र म्हणून माहीत होता. तोही देव मानत नाही. आम्ही दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरवलं होतं आणि मी नियम वाचायला घेतले. विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग तीस दिवस राहिलेला हवा. नोटीस दिली की ती कार्यालयाच्या फलकावर लागते, हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत असते. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं ते असं की दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही फलकावर लागते. माझ्या आधारवर गावचा पत्ता आहे. म्हणजे पुण्यात नोटीस दिली की ती साताऱ्यात लागणार, आणि तालुक्यातला कुणी ना कुणी दाखल्याच्या कामाला तिथे गेलेला असणार. ज्यांना असं लग्न करायचं आहे त्यांनी घरी सांगण्याचा दिवस नोटिशीच्या आधीचाच धरावा. फलकावरून कळणं आणि मुलीच्या तोंडून कळणं यात फार अंतर आहे.

मी दिवाळीनंतरचे दिवस ठरवले. सणाच्या ऐन दिवशी नको, घरात पाहुणे असताना नको, फोनवर तर नकोच. आणि सांगून लगेच गाडी पकडायची नाही, निदान दोन रात्री तिथेच राहायचं, हे मी स्वतःला बजावलं. सांगितल्यावर माणसांना प्रश्न दुसऱ्या दिवशी सुचतात. तेव्हा आपण समोर हवं.

त्याआधी दोन तयाऱ्या केल्या. पहिली पैशांची. माझं भाडं, माझा विमा, धाकटीच्या कॉलेजची पुढच्या वर्षाची फी, हे सगळं कुणाच्या होकार-नकारावर अवलंबून राहणार नाही एवढी बचत हातात होती. जे अजून घरच्यांच्या पैशांवर शिकत आहेत किंवा ज्यांच्या घरात हात उगारला जातो, त्यांना मी सांगेन की थांबा. खरं बोलण्याची मुदत संपत नसते.

दुसरी तयारी वहीतली. देव का नाही याचे मुद्दे मी एकही लिहिले नाहीत. दोन रकाने पाडले: मी काय करीन, आणि मी काय करणार नाही. करीन या बाजूला आलं: दिंडीचा स्वयंपाक. प्रसाद घेणं, कारण ते आईच्या हातचं अन्न आहे. मोठ्यांच्या पाया पडणं. शिंगणापूरला त्यांना घेऊन जाणं. सणाला घरी येणं. करणार नाही या बाजूला: पूजेला यजमान म्हणून बसणं, उपास, नवस, गंडा-दोरा, लग्नात होम आणि कन्यादान, आणि पाळीच्या दिवसांत बाजूला बसणं. ही वही पुढे माझ्या फार कामी आली. माझं असं ठाम मत झालंय की आई-वडिलांना देवाच्या अस्तित्वावर चर्चा नको असते. उद्यापासून घरात काय बदलणार, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. त्याचं उत्तर आपल्याकडे तयार नसेल तर ते सगळंच गेलं असं धरून चालतात.

भाऊबीज झाली, आत्या आणि तिची मुलं परतली, आणि १६ नोव्हेंबरला, गुरुवारी दुपारी, आई फराळाचे डबे उन्हात घालत होती. मी म्हटलं, "आई, मी देव मानत नाही. बऱ्याच वर्षांपासून. आणि आता तुझ्यापासून लपवायचं नाही असं ठरवलंय."

तिला आधी वाटलं की मी धर्म बदलला. तिने सरळ विचारलं, "कुणाच्या नादाला लागलीस? त्या पोराच्या?" मी म्हटलं, कुणाच्याच नाही, तो भेटायच्या आधीपासून. मग ती डब्याचं झाकण हातात घेऊन बराच वेळ बसली आणि म्हणाली, "मग मी एवढी वर्षं करत आले ते खुळ्यावानी का?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती आणि करताही आली नसती. मी तिला एवढंच सांगितलं की तू घट मांडतेस तेव्हा घर मला आवडतं, तू जे केलंस त्यात आम्ही वाढलो, त्याला मी खुळेपणा म्हणणार नाही. फक्त हात जोडल्यावर तुला जे वाटतं ते मला वाटत नाही. ती रडली. मीही रडले. चार वाजता तिने चहा टाकला आणि वहीतली यादी वाचायला सांगितली. ऐकताना ती मान हलवत होती. पाळीच्या मुद्द्यावर थांबली. "हे न्हाय चालायचं. देवघर माझं हाय." मी म्हटलं, देवघरात मी कुठल्याच दिवशी जाणार नाही, पण चूल आणि पाणी यांपासून बाजूला बसणार नाही. देव मानत नाही यापेक्षा हे तिला जड गेलं. त्यावर त्या दिवशी काही ठरलं नाही.

तिने एकच अट घातली: आण्णांना आता सांगू नकोस, कार्तिकीला पंढरपूरला जाऊन येऊ देत. कार्तिकी एकादशी २३ नोव्हेंबरला होती. मी मान्य केलं. आईला आधी सांगितलं याचा हा एक परिणाम असतो, की तिच्या डोक्यावर ते ओझं काही दिवस राहतं. त्या दिवसांत मी तिला रोज फोन केला आणि दर वेळी तिने उपास सोडून बाकी सगळं विचारलं.

३ डिसेंबरला, रविवारी, मी स्वारगेटवरून एसटीने गेले. त्या वर्षीच्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे गावी जाणं-येणं मला परवडत होतं. नाहीतर या काळात एवढ्या वेळा गेले नसते. संध्याकाळी आण्णा ओट्यावर होते.

"आण्णा, थोडं बोलायचंय."

"पैशाचं?"

"नाही. मी देव मानत नाही. बरीच वर्षं झाली. तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून सांगते."

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "आईला ठाऊक हाय?"

"हो. दिवाळीपासून."

"म्हंजे मी पंढरीला गेलो तवा तिला ठाऊक होतं." एवढं बोलून ते उठले. शेताच्या लाइटची पाळी त्या आठवड्यात रात्रीची होती, ते मोटार चालू करायला गेले आणि उशिरा आले. जेवले नाहीत. आई मला म्हणाली, तू झोप. मी झोपू शकले नाही. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं.

सकाळी मी अंगण झाडत होते तेव्हा ते आले. "आमच्या करण्यात खोट दिसली का तुला?" मी म्हटलं, नाही. वारीत तुम्ही अनोळखी म्हाताऱ्याचे पाय चेपता, ते पाहूनच मी मोठी झाले. त्यात मला काही खोटं दिसलं नाही. "मग?" मग काही नाही, आण्णा, देव आहे असं मला वाटत नाही. त्यावर ते माझ्याशी वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "लगीन कसं करणार हायस?"

मी नोंदणीचं सांगितलं. कन्यादान नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांनी त्यासाठी वेगळी पावती करून पैसे ठेवले होते, हे मला माहीत होतं. मुलगी काही दान देण्याची वस्तू नाही, हे वाक्य माझ्या मनात होतं आणि मी ते मानते, पण त्या सकाळी ते बोलले नाही. आणखी दोन महिन्यांनी, शांतपणे, बोलले.

डिसेंबर वाईट गेला. आण्णा फोनवर येत नव्हते. आई येत होती, पण तिचा आवाज बदलला होता. आत्याला कुणाकडून तरी कळलं आणि तिचं निदान असं की पोरीला बाहेरचं काहीतरी झालंय. तिच्या गावाकडे एक देवऋषी आहे, दोन हजार एकशे रुपये घेतो, एकदा नेऊन दाखवा, असा तिने घोषा लावला. आई थोडी डळमळली होती, हे तिने मला नंतर सांगितलं. आत्याला गप्प केलं आण्णांनी. "आमच्या दारात असली माणसं कधी आली न्हाईत आणि येणार न्हाईत. पोरगी शुद्धीवर हाय." वारकरी माणूस देवऋषी, अंगात येणं, करणी यांना किती दूर ठेवतो, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला त्याच्या कितीतरी आधी आमच्या घरात तो पाळला जात होता, आणि तो आण्णांना संतांकडून मिळाला होता. मी नास्तिक झाले त्याची थोडी वाट या घरानेच घालून दिली आहे, असं मला खरंच वाटतं. हे मी आण्णांना अजून म्हटलेलं नाही. ऐकायला त्यांना बरं वाटेल की वाईट, माझा अंदाज होत नाही.

ज्यांच्या घरात असा देवऋषी प्रत्यक्ष दारात येतो, मारहाण किंवा कोंडून घालण्यापर्यंत गोष्ट जाते, त्यांनी हा कायदा आहे हे लक्षात ठेवावं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं हा त्याखाली गुन्हा आहे, आणि तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते.

२२ जानेवारीला अयोध्येतल्या प्रतिष्ठापनेच्या दिवशी गावात घरोघर पणत्या होत्या. आईने संध्याकाळी फोन केला, गावात काय काय झालं ते सांगितलं, आणि "तू पण दिवा लाव" असं म्हणाली नाही. त्या फोनवरून मला पहिल्यांदा वाटलं की तिने माझं ऐकलंय.

जानेवारीच्या शेवटी आण्णांनी मला बोलावून घेतलं. या वेळी प्रश्न त्यांच्याकडे होते, आणि ते त्यांनी मनात नीट लावून ठेवले होते. पहिला: कागदोपत्री काय केलंस? तेव्हा आमच्याकडे गावागावात कुणबी नोंदी शोधणं चालू होतं, आण्णाही पणजोबांच्या नावाचे जुने उतारे काढत होते, आणि मी कुठे 'धर्म नाही' असं लिहून दिलं असेल तर दाखल्यांचा घोळ होईल याची त्यांना धास्ती होती. मी सांगितलं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे आहे ते तसंच आहे. कुठलाच धर्म नाही असं म्हणण्याचा हक्क नागरिकाला आहे आणि सरकार कुणालाही धर्म सांगायला भाग पाडू शकत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ च्या सप्टेंबरमध्ये दिलेला आहे. पण हक्क आहे म्हणून लगेच राजपत्रात छापून आणलंच पाहिजे असं नाही. मी आणलेलं नाही.

दुसरा प्रश्न: असं लग्न केल्यावर जमिनीत तुझं नाव राहतं का? हा प्रश्न त्यांना गावातल्या कुणीतरी घालून दिला होता. मी पुण्यात एका वकीलबाईंना हजार रुपये देऊन हेच विचारून ठेवलं होतं. विशेष विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असं लग्न करणारा हिंदू एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरलं जातं, त्यावरून ही भीती पसरते. पण १९७६ साली कलम २१-अ घातलं गेलं. वर आणि वधू दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर ते वेगळं होणं लागू होत नाही आणि वारसा पूर्वीसारखाच राहतो. आणि वारसा कायद्यापुरतं 'हिंदू' असायला देव मानावा लागत नाही. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नसलेला माणूस त्यात येतो. तरीही जमिनीची बाब असेल तर प्रत्येकाने आपल्या कागदांसह वकिलाला एकदा विचारावं. ते हजार रुपये मला अजिबात जड गेले नाहीत. आण्णांनी हे सगळं दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "मला जमिनीचं न्हाय गं. लोक बोलत्यात म्हणून इचारलं."

तिसरा प्रश्न खरा होता. "मी गेल्यावर नीरेवर दहाव्याला कोण उभं राहणार?"

मी म्हटलं, मी राहीन. तुम्ही सांगाल तसं सगळं करीन. पिंड ठेवीन, कावळ्याची वाट बघीन, भजनी मंडळ बोलवीन. ते तुमचं आहे, माझ्या मानण्या-न मानण्याचा त्यात संबंध नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि खोटं खोटं करशील?" नाही, म्हटलं, तुमची इच्छा म्हणून खरं करीन.

यावर माझ्या काही निरीश्वरवादी मित्रांनी मला तत्त्वाशी तडजोड केलीस असं सुनावलं. मला ते पटत नाही. मेलेल्या माणसाच्या देहावर शेवटचा शब्द त्याचा असतो. उद्या माझं देहदान करायचं असेल तर माझ्या नातेवाइकांनी स्वतःची श्रद्धा बाजूला ठेवून ते करावं अशी माझी अपेक्षा आहे. मग आण्णांच्या बाबतीत मी दुसरा नियम कसा लावू? ते उत्तर दिल्यावर आण्णांच्या अंगातून काहीतरी सैल झालेलं मला दिसलं. दोन महिने त्यांच्या मनात देव नव्हता, नीरेचा काठ होता.

फेब्रुवारीत नोटीस दिली. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, फोटो. माझा भाडेकरार नोंदणीकृत होता म्हणून पुण्यातल्या पत्त्याचा प्रश्न आला नाही. नुसता साध्या कागदावरचा करार असेल तर आधी तो नोंदवून घ्या, त्याला वेळ लागतो. एका एजंटने या सगळ्याचे साडेचार हजार मागितले. सरकारी फी काहीशे रुपयांची आहे आणि काम स्वतः करता येतं. एका पुराव्याची प्रत अस्पष्ट निघाली म्हणून एक फेरी वाढली, बाकी विशेष काही नाही.

नोटिशीचा नमुना पाहून मी चकित झाले. नाव, पूर्वी लग्न झालंय का, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, किती काळ राहता. धर्माचा रकाना नाही. जातीचाही नाही. १८७२ चा मूळ कायदा होता तेव्हा असं लग्न करणाऱ्याला आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठल्याच धर्माचे नाही असं लिहून द्यावं लागायचं. आता श्रद्धाळू माणूसही या कायद्याखाली लग्न करू शकतो आणि नास्तिकालाही कुणी काही विचारत नाही. आण्णांना मी हा फॉर्म दाखवला तेव्हा त्यांना त्याचं बरं वाटलं. मुलीने कुठेतरी देवाविरुद्ध सही केली, असं त्यांना वाटत होतं ते गेलं.

तीस दिवस उलटून गेले, हरकत कुणाची आली नाही. त्यानंतर लग्न करायला घाई नसते, पण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते झालं नाही तर नोटीस रद्द होते, हे लक्षात ठेवावं. आम्ही २० मार्च, बुधवार म्हटलं होतं. आई म्हणाली, त्या दिवशी एकादशी आहे, आण्णा लग्नाचं जेवणार नाहीत. आम्ही गुरुवार, २१ मार्च केला. त्यात मला काही सोडावं लागलं नाही आणि वडिलांना पोटभर जेवता आलं.

तीन साक्षीदार लागतात, ओळखपत्रांसह. आई एक साक्षीदार होती. तिने सही करताना आपलं पूर्ण नाव लिहिलं, माहेरचंही कंसात घालू का म्हणून अधिकाऱ्यांना विचारलं. आण्णा आले, सदरा नवीन होता, पण सहीला आले नाहीत, बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी आग्रह केला नाही. आत्या आली नाही. जेवण साठ माणसांचं, खर्च सत्तावीस हजार, तो आम्ही दोघांनी केला. आण्णांनी कन्यादानासाठी ठेवलेली पावती मोडून ते पैसे मला देऊ केले. ते धाकटीच्या नावे ठेवा म्हटलं, आणि तसं झालं.

पुढच्या आठवड्यात आईच्या इच्छेप्रमाणे शिंगणापूरला गेलो. आम्ही दोघं पायऱ्या चढून सगळ्यांबरोबर वर गेलो. अभिषेकाला आई-आण्णा बसले, आम्ही सभामंडपात थांबलो. पुजाऱ्यांनी "नवरा-नवरीनं बसायचं असतं" असं दोनदा म्हटलं. आण्णाच म्हणाले, "आम्ही बसतोय की."

१० मे रोजी पुण्याच्या न्यायालयाने अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचा निकाल दिला. दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष. डॉक्टर साताऱ्याचे, आण्णांनी त्यांचं भाषण कारखान्यावर कधीतरी ऐकलेलं. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "तू कुठं भाषणं-बिषणं करतीस का?" नाही म्हटलं. "करू नको म्हणत न्हाय. पण सांगून करत जा." तेव्हा कळलं की डिसेंबरातल्या त्यांच्या गप्प बसण्यात ही भीतीसुद्धा होती. आपल्या आई-वडिलांच्या रागात किती भीती मिसळलेली असते ते एकदा तपासून बघा. भीतीला उत्तर देता येतं.

जुलैत पालखीच्या आदल्या रात्री मी आणि माझा नवरा घरी पोचलो. पहाटेपासून भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा. दिंडीतल्या एक आजी मला दरवर्षी ओळखतात, त्यांनी विचारलं, "औंदा जोडीनं माळ घालणार का?" मी म्हटलं, नाही आजी, आमचा देवावर विश्वास नाही. आई तव्यापाशी थबकली. आजी म्हणाल्या, "बरं, मग भाकर वाढ," आणि जेवायला बसल्या.

सगळं सुटलेलं नाही. आत्या अजून माझ्याशी बोलत नाही. पाळीच्या दिवसांत मी घरी असले तर चुलीपाशी जाते आणि आई त्या दिवसांत देवाचा नैवेद्य वेगळ्या शेगडीवर करते. ही तडजोड मला मनापासून मान्य नाही, पण ती आम्ही दोघींनी समोरासमोर बसून केलेली आहे. धाकटीला सत्यनारायण घालून लग्न करायचं आहे. मी त्यात जेवण आणि हिशेब बघणार आहे.

आता आण्णांनी जनगणनेचा विषय काढलाय. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. मागच्या, २०११ च्या मोजणीत धर्म न सांगितलेले लोक देशात २८ लाखांहून जास्त निघाले होते, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना तो आकडा खरा वाटेना. त्यांनी विचारलं, मोजणीवाली बाई आली तर तू काय सांगणार? मी म्हटलं, धर्म नाही असं सांगणार, आणि ती तेच लिहिते का ते बघणार. थोडा विचार करून ते म्हणाले, "मोजणी तुमच्या घराची तुमच्याकडं होणार, आमची आमच्याकडं. मग अडचण काय हाय?" आई आतून म्हणाली की त्या दिवसांत मी गावी असले तर काय करायचं, ते आधी ठरवा.